उधळ्या पुत्राच्या भिंतीवरचा लाल कंधारी

गोष्टीतल्या बापाचं काम करायला माझ्या बाबांनी साफ नकार दिला, कारण त्या बापानं वासरू कापलं होतं.

"पोरगं माघारी आलं म्हणून वासरू?" ते म्हणाले. "त्या वासरानं काय केलं व्हतं?"

मी चित्रकलेची शिक्षिका. नांदेडच्या शाळेत नोकरीभर मुलांकडून केळी, घडे आणि उलटी ठेवलेली बादली काढून घेतली. धर्मशास्त्र माझा विषय नव्हे. पण त्या दिवशी उमरीजवळच्या आमच्या गावात, घराच्या ओट्यावर बसून, मी एका हट्टी म्हाताऱ्याला बायबल समजावून सांगत होते आणि तो वासराची बाजू घेत होता.

हे सगळं आलं कुठून ते आधी सांगते.

मी निवृत्त झाले त्या वर्षी एक गृहस्थ घरी आले. पांढरा शर्ट, हातात फळांची पिशवी, वाकून नमस्कार. ओळख पटायला वेळ लागला. पाचवीत असताना यानं आकाश हिरवं रंगवलं होतं आणि मी त्याच्या हातावर लाकडी पट्टी मारली होती. आता तो लातूरहून उदगीरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात पाळक होता. ख्रिस्ती मंडळींत चर्च सांभाळणाऱ्याला पाळक म्हणतात, हे त्यानंच मला सांगितलं.

"मॅडम, चर्चची आतली एक भिंत कोरी आहे," तो म्हणाला. "सगळे म्हणतात फ्लेक्स लावा. मला हातानं काढलेलं पाहिजे. येशूनं सांगितलेल्या गोष्टी, त्याचे प्रसंग, अशी चार चित्रं."

"आकाश कोणत्या रंगाचं काढू?" मी विचारलं.

"तुम्ही म्हणाल त्या," तो म्हणाला. पट्टी लक्षात होती त्याच्या.

एकच अट होती. चर्चच्या पंचांना आधी सगळं कागदावर दाखवायचं, त्यांनी हो म्हटलं की मग भिंतीला हात लावायचा. म्हणजे चार कच्ची चित्रं करायची, पाण्याच्या रंगात. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मी जरा जास्तच लगेच हो म्हटलं. आयुष्यभर मी स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवले आणि फळ्यावर सुविचार लिहिले. पडदा घडी होऊन ट्रंकेत जातो, सुविचार दुसऱ्या दिवशी पुसला जातो. भिंत मला कुणी दिली नव्हती.

कच्च्या चित्राचं काम कच्चं नसतं. कागद आधी पाण्यात भिजवावा लागतो. आमच्या घरात तेवढं मोठं भांडं एकच, कणीक मळायची पितळी परात. ओला कागद लाकडी फळीवर पसरायचा, चारी कडा गोंदपट्टीनं चिकटवायच्या आणि वाळू द्यायचा. वाळला की तो ताणून बसतो, मग रंगाचं कितीही पाणी ओता, फुगत नाही. त्या महिन्यात नवऱ्यानं किती वेळा पोळ्यांऐवजी खिचडी खाल्ली, हे त्यालाच विचारा.

पाण्याच्या रंगात पांढरा नसतो. म्हणजे ट्यूब मिळते, पण ती वापरणाऱ्याला मी नापास करायची. उजेड पाहिजे असेल तिथं कागद कोरा सोडायचा. आधी फिकं, मग गडद, आणि एकदा गडद पडलं की माघार नाही. पुसायला गेलात तर चिखल होतो. माझ्या स्वभावाला हे माध्यम अजिबात शोभत नाही. मला राग पटकन येतो आणि मी आधी गडदच बोलते. पण हातात कुंचला असला की मला थांबता येतं. एरवी येत नाही, घरच्यांना विचारा.

पहिली तीन चित्रं जमली. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला मी आमच्या गल्लीतल्या हातपंपावरच्या बाईसारखं उभं केलं, कमरेवर हात ठेवून. पाच भाकरी आणि दोन माशांच्या चित्रात भाकरी ज्वारीच्या काढल्या, पापुद्रा सुटलेल्या. हजारो माणसं मी पंगतीत बसवली, कारण एवढी माणसं जेवायला बसली की ती अशीच बसतात. अडचण माशांची होती. मासा मी कधी हातात धरलेला नव्हता. बाजारातून गोदावरीतले दोन आणले आणि तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून त्यांचं चित्र काढलं. नवरा तीन दिवस माठातलं पाणी प्यायला. फ्रीजचं दार त्यानं उघडलं नाही. तिसरं चित्र रस्त्यात मार खाऊन पडलेल्या वाटसरूचं. तो नवराच झाला. पडून राहायचं काम त्याला मनापासून आवडलं.

चौथं चित्र उधळ्या पुत्राचं. गोष्ट साधी आहे. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन दूर देशी जातो, सगळं उधळतो, उपाशी मरायला लागतो आणि घरी परत निघतो. बाप त्याला लांबून बघतो आणि धावत जाऊन गळ्यात पडतो. मग अंगरखा, अंगठी, वासरू आणि जेवणावळ. थोरला रुसून बाहेर उभा.

मला चेहरा मनानं काढता येत नाही, माणूस समोर लागतो. म्हातारा बाप म्हटल्यावर मला माझे बाबाच दिसले. एका रविवारी फळी, रंग आणि पाण्याची बाटली घेऊन मी उमरीची गाडी पकडली.

"थोरला बरोबर हाय," सगळी गोष्ट ऐकून बाबा म्हणाले. "घरी राबला त्यो."

"बाबा, आपल्या घरात थोरली मी आहे."

"तू कुठं राबलीस?"

मी रंगाची पेटी उघडली. वाद घालून उपयोग नव्हता. शिवाय ते वासरावर का अडलेत, हे मला चांगलंच ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

आमच्याकडं एक लाल कंधारी बैल होता. आमच्या भागातली ही बैलांची जात, गडद लाल, मान ताठ. याचं एक शिंग खाली वाकलेलं होतं. त्यामुळं त्याला बाजारात कुणी कधी भाव दिला नसता, आणि बाबांनी कधी बाजार दाखवलाही नाही. पोळ्याला मी माहेरी यायची ती त्याची शिंगं रंगवायला. रंगकामाची माझी पहिली शाळा तीच, बैलाचं शिंग. लहानपणी इतर बैलांची रंगवली, पुढं नोकरी लागल्यावरही ह्याची रंगवली. सरळ शिंगाला निळा, वाकड्याला लाल, टोकाला बेगड. बाबा कासरा धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "हळू, त्याला गुदगुल्या व्हतात."

सहा वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं. पंधरा दिवस ते माझ्याकडं होते. घरी शेत बघायला माझा धाकटा भाऊ. बैल तोवर म्हातारा झाला होता, नांगरणी ट्रॅक्टरवर गेली होती. बाबा काळा चष्मा लावून घरी परतले आणि चपला न काढता आधी गोठ्यात गेले. खुंटा होता, कासरा गुंडाळून ठेवला होता, बैल नव्हता. भावानं तो बाजारात नेऊन दिला होता.

म्हातारा बैल बाजारातून पुढं कुठं जातो, हे गावात कळतं सगळ्यांना, बोलत कुणी नाही. बाबाही बोलले नाहीत. कुठं दिलास, कुणाला दिलास, कशासाठी, काही नाही. त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं बंद केलं. एका घरात, एका चुलीवर, आठ महिने. शेवटी भाऊ बायको-मुलांना घेऊन लातूरला गेला. तिथं शिकवण्यांसाठी गावोगावहून पोरं येतात, त्यांच्यासाठी त्यानं खानावळ काढली. शेत बटईनं दिलं. आई तर कधीच गेली होती. बाबा एकटे राहिले, आणि मी दर रविवारी डबा घेऊन गाडीत.

मी भावाला एकदा फोनवर झापलं होतं. "कुठं दिलास ते तरी सांग," असं ओरडले होते. तो म्हणाला, "दिला म्हणजे दिला. ज्यांना पाहिजे ते विचारतील." मी फोन आपटला. आमच्या घराण्यात सगळ्यांना बोलायला येतं, वेळेवर कुणालाच येत नाही.

तर वासरू. मी बाबांना म्हटलं, "वासरू मी कापतच नाही. कोपऱ्यात बांधून ठेवते, जिवंत. चारा खात असलेलं."

"वासरू नगं," बाबा म्हणाले. मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "आपला लाल काढ."

"बायबलात लाल कंधारी नाही बाबा."

"मंग मी बी न्हाई."

झालं. मी हो म्हटलं. दोन हजार वर्षांच्या गोष्टीत आमचा बैल शिरला.

आता बाबांना उभं करायचं होतं. हात पुढं, मुलगा गुडघ्यावर, बापाचा हात त्याच्या पाठीवर. हात अधांतरी धरून ऐंशीच्या पुढचा माणूस किती वेळ उभा राहणार? मी घरातलं सोयाबीनचं पोतं ओढून आणलं आणि त्यांच्यापुढं उभं केलं. "हा मुलगा," मी म्हटलं. बाबांनी पोत्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग त्यावर हात ठेवला, तळवा सपाट, बोटं जुळलेली. मी त्यांच्या हाताच्या शिरा आधी फिक्या जांभळ्यात काढल्या, मग पिवळसर तपकिरी रंगाचा पातळ वॉश दिला. नखांवर कागद कोरा सोडला. चांगला झाला तो हात. वहीत अजून आहे.

"झालं का? काय काय करून राहिलीस कवाची," बाबा म्हणाले. दीड तास ते पोत्याला धरून उभे होते.

मुलगा म्हणून कुणालाही घेता आलं असतं. नवरा तयार होता, त्यातही त्याला गुडघ्यावर बसून डोकं टेकवायचंच होतं. पण मी लातूरची एसटी पकडली. का, असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मुलाचं नाक बापासारखं पाहिजे म्हणून. खोटं नव्हतं ते. पण सहा वर्षं माझ्या घरातली दोन माणसं एका फोटोत आली नव्हती आणि मला ती एका कागदावर पाहिजे होती. म्हातारा किती वर्षांचा सोबती, हे मला दर रविवारी डबा उघडताना दिसत होतं. बोलल्याशिवाय गेले तर भाऊ जन्मभर तसाच राहील, आणि मी दोघांच्या मध्ये, जन्मभर.

भावाची खानावळ दुपारी तीन ते पाच रिकामी असते. पोरं जेवून गेलेली, रात्रीची कणीक मळायची बाकी. मी त्याला मागच्या खोलीत गुडघ्यावर बसवलं. बापाच्या जागी गॅसची टाकी.

"आक्का, हे काय?"

"डोकं टेकव."

"भरलेली आहे."

"मग जपून टेकव."

त्याचा तळपाय काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गोष्टीतला मुलगा अनवाणी चालत आलेला असतो. भावाचे पाय शेत सुटून पाच वर्षं झाली तरी भेगाळलेलेच होते. भेगांसाठी मी कुंचला जवळजवळ कोरडा करून ओढला, म्हणजे रंग कागदाच्या खरबरीतपणावर अडकतो आणि भेग आपोआप दिसते. काढता काढता मी त्याला गोष्ट सांगितली.

"मग बापानं काय विचारलं त्याला?" टाकीला कपाळ टेकवून त्यानं विचारलं.

"काहीच नाही. मुलगा माफी मागायला लागला, तर बापानं मध्येच तोडलं आणि अंगरखा आणायला सांगितलं."

"काहीच विचारलं नाही?"

"नाही."

"आपल्याकडं पण काही विचारत नाहीत," भाऊ म्हणाला. "पण अंगरखा न्हाई येत."

मी कान रंगवत होते, आणि कान चुकला की सगळा चेहरा जातो. उठताना त्याचं लक्ष माझ्या फळीखालच्या दुसऱ्या कागदाकडं गेलं. तिथं पोत्यावरचा हात होता, नुसता हात, मनगटापर्यंत. त्यानं तो बराच वेळ बघितला.

"डोळा बरा आहे का त्यांचा?" त्यानं विचारलं.

"एक बरा आहे. दुसऱ्यानं धूसर दिसतं."

मग तो कणीक मळायला गेला.

घरी येऊन मी दोन्ही कागद जोडून तिसरा केला. बाप पोत्याला धरून, मुलगा टाकीला धरून, मधून पोतं आणि टाकी काढून टाकायची. ऐकायला सोपं आहे. नाक जुळलं, उंची जुळली, उजेड एका बाजूनं पडला. तरी काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडेना. मी नवऱ्याला स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसवून स्वतः बापासारखी उभी राहिले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "हात गार आहे तुझा." सापडलं काहीच नाही. मागं कोपऱ्यात लाल कंधारी काढला, मनानं. मुलांना स्मरणचित्र शिकवताना मी म्हणायची, जे हातानं केलंय ते आधी आठवतं. ती शिंगं मी हातानं रंगवली होती. डोळे मिटून काढला तो बैल, भगव्यात थोडा किरमिजी घालून, आणि बघा, हुबेहूब उतरला. तोंड बाहेरच्या बाजूला, डावं शिंग खाली वाकलेलं.

पंचांना चारही चित्रं आवडली. एका वयस्कर पंचांनी बैलावर बोट ठेवलं.

"हा शास्त्रात नाही."

"वासराचा बाप आहे," पाळक म्हणाला. पंचांनी बोट उचललं. याला मी पट्टी मारायला नको होती, असं मला पहिल्यांदा वाटलं. फक्त पाळकानं एक सूचना केली. बैल भिंतीबाहेर बघतोय, त्यापेक्षा बाप-लेकांकडं बघू दे. सूचना योग्यच होती. चित्रात सगळे आत बघत असतील तर बघणाऱ्याचा डोळाही आत जातो, हे मीच शाळेत शिकवायची.

आता भिंत. कच्च्या चित्रावर बोटभर चौकटी पाडायच्या, भिंतीवर तेवढ्याच हातभर चौकटी पाडायच्या, आणि एकेक चौकट मोठी करत जायची. चेहरे आणि बैल यांसाठी मी खाका केला. मोठ्या ट्रेसिंग कागदावर रेषा काढायची, रेषेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांचं चित्र. बैलाचं तोंड आत वळवायला मी फक्त खाका उलटा लावला. एक मिनिटाचं काम. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

महिनाभर मी पाळकाच्या घरी राहिले आणि भिंत रंगवली. भिंतीचा रंग वेगळा, त्यात पांढरा वापरता येतो, चुकलं तर वरून झाकता येतं. मला ते आवडलं नाही आणि सवयही लगेच झाली.

पिकं घरात आली की त्यांच्याकडं देवाचे आभार मानायचा एक रविवार असतो. लोक ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा चर्चमध्ये आणून ठेवतात, मग सगळ्यांचं एकत्र जेवण. त्याच दिवशी भिंतीवरचा पडदा काढायचं ठरलं. बाबांना मी सांगितलं, लाल बघायला चला. भावाला पाळकाकडून निरोप गेला, शंभर माणसांचं जेवण लातूरहून आणायचं. दोघांना एकमेकांचं सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "ही कळ लावायची कामं तुला कुणी सांगितली?" मी म्हटलं, कुणी नाही.

प्रार्थना झाली, पडदा निघाला. लोक उठून जवळ आले. मी बाबांना हाताला धरून पुढं नेलं. पांढरं धोतर, काळा चष्मा. भिंतीवर ते स्वतः उभे होते, नऊ फूट उंच, त्यांच्या पायाशी त्यांचा मुलगा. आजूबाजूचे लोक एकदा भिंतीकडं, एकदा बाबांकडं बघायला लागले. बाबांनी स्वतःकडं बघितलंसुद्धा नाही. ते बैलापुढं जाऊन थांबले, चष्मा काढला, चांगला डोळा जवळ नेला.

"शिंग चुकलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज शेतात वाढलेला, शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"नाही बाबा. वाकडं काढलंय ना."

"उजवं वाकडं काढलंस. डावं व्हतं."

मी बघितलं. उलटा खाका. डावं उजवीकडं गेलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या आणि माझी चूक भरल्या चर्चमध्ये निघाली, तीही ज्या शिंगाला मी दर पोळ्याला रंग लावला त्याच शिंगाची. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"डावंच होतं," मागून कुणीतरी म्हणालं. "जू त्या बाजूनं घसरायचं."

भाऊ दारात उभा होता. हातात वरणाचं पातेलं.

बाबा वळले नाहीत. मान तशीच, भिंतीकडं. बाबा आता निघून जाणार, असंच मला वाटलं. सहा वर्षं भावाचं नाव निघालं की ते असेच उठून जायचे.

"कुठं गेला त्यो?" बाबांनी भिंतीला विचारलं.

भावानं पातेलं खाली ठेवलं.

"इस्लापूरकडं," तो म्हणाला. "जंगलाच्या कडेला एकाचं शेत हाय, तुमच्यावानी म्हातारा. पाण्याचे ड्रम ओढायला पाहिजे होता त्याला. बाजारातल्या दुसऱ्या कुणाला दिला न्हाई मी. तीन वर्षं होता तिथं. मी जायचो."

"कवा?"

"पोळ्याला."

"शिंगं?"

"मीच रंगवायचो. आक्कासारखी न्हाई जमायची. एक दिवस बसला तो उठलाच न्हाई. त्यानं मोहाच्या झाडाखाली पुरला. मी गेलतो."

बाबांनी भिंतीवर हात टेकवला, बैलाच्या पाठीवर. रंग वाळलेला होता म्हणून बरं.

"म्या समजलो..." ते म्हणाले. काय समजले होते ते तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळलं. सहा वर्षं त्यांनी विचारलं नव्हतं, कारण त्यांना उत्तराची भीती वाटत होती. मला वाटायचं तो राग आहे. मी चेहरे बघून काढते म्हणे.

"मंग सांगितलं कामून न्हाई?" बाबा वळून म्हणाले. आता ते खरंच चिडले होते.

"तुम्ही इचारलं कवा?" भाऊही चिडला.

"बापानं इचारायचं असतं व्हय?"

"मग कुणी?"

भरल्या चर्चमध्ये दोघं भांडायला लागले, आणि मी पदर तोंडात धरून रडत होते. पाळक जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, वरण गार होतंय." लोक जेवायला गेले.

मी मागं राहिले, कुंचले आवरायचं निमित्त करून. ते दोघं बाहेर निघाले. चर्चला पाच पायऱ्या आहेत आणि बाबांना उतरताना धूसर दिसतं. पहिल्या पायरीवर ते थांबले, हात पुढं केला, आणि भावाच्या खांद्याचा शर्ट धरला. खांद्यावर हात ठेवला नाही. शर्ट मुठीत धरला, गच्च, कापड गोळा होऊन कॉलर मागं ओढली गेली, कासरा धरतात तसा. भाऊ हळूहळू एकेक पायरी उतरत गेला.

मी पिशवीतून वही काढली. पाणी नव्हतं, बाटलीच्या तळाशी दोन थेंब होते, तेवढ्यात काढला. मूठ, उभ्या शिरा, ताणलेलं कापड, अंगठ्याखाली कोरा कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा भिंतीपुढं बसले. शिंग तासाभरात डावीकडं आणलं. मग शिडी सरकवली आणि बापाच्या हातावर पांढरा मारला. पाळक धावत आला.

"मॅडम, शिंगाचं समजलं. पण हात तर सगळ्यांना आवडला होता."

"तो पोत्यावर ठेवलेला होता," मी म्हटलं आणि मूठ काढायला घेतली.